आर-७ च्या वारसाची वाट पाहावी का?

प्रश्न : मी दौंडचा. पुढच्या वर्षी बँकेतून निवृत्त होतोय. भिगवणला जाऊन पक्षी टिपायचा नाद आहे. सध्या कॅननचा १५००डी आणि ५५-२५० लेन्स वापरतो. कॅननचाच आर-७ कॅमेरा घ्यायचं पक्कं केलं होतं, तर भाचा म्हणतो, ‘मामा, थांबा, त्याची पुढची आवृत्ती, मार्क टू येतोय.’ रोज मोबाइलवर नवी यादी दाखवतो. एक दिवस ४० मेगापिक्सेल, दुसऱ्या दिवशी स्टॅक्ड सेन्सर, तिसऱ्या दिवशी मेकॅनिकल शटरच गायब. यातलं किती खरं धरायचं?

उत्तर : कंपनी स्वतः जाहीर करत नाही तोवर सगळे अंदाजच, भाच्याचे आणि माझेही. पण अंदाज बांधायलाही रीत असते. याद्या मी वाचत नाही. आधीच्या कॅमेऱ्याचं दुखणं कुठे आहे आणि त्यावरचा इलाज कंपनीने आपल्या महागड्या कॅमेऱ्यांत आधीच केलाय का, एवढंच पाहतो.

आर-७ आला २०२२ च्या मे महिन्यात. ३२.५ मेगापिक्सेल, मेकॅनिकल शटरने, म्हणजे सेन्सरपुढच्या सरकत्या पडद्याने, सेकंदाला १५ फ्रेम्स (फोटो), पडद्याविना चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिकने ३०. कागदावर हौशी माणसाला आणखी काय हवं! दुखणं आहे ते त्या ३० मध्ये. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचला जातो आणि आर-७ ला त्याला सेकंदाचा साधारण तिसावा भाग लागतो. मोठ्या पंगतीत वाढपी शेवटच्या पानापर्यंत पोचेतो पहिल्याचा भात संपलेला असतो, तसं हे. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो ना, त्याचे पंख फोटोत रबरासारखे वाकडे येतात. उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवलात, तर उजनीच्या पाण्यात उभे असलेले वाळके बुंधे तिरके होतात. मग माणूस निमूट १५ फ्रेम्सवर येतो. तिथे रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलींत, तीन-साडेतीन सेकंद बटण दाबून धरलं की बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, भरतो, आणि खंड्या नेमका त्यानंतर सूर मारतो.

इलाज म्हणजे स्टॅक्ड सेन्सर. त्यात पिक्सेलच्या थरामागेच वेगवान वाचनाची सोय असते. कॅननकडे तो २०२१ च्या आर-३ पासून आहे. २०२४ च्या आर-१ आणि आर-५ मार्क टू मध्येही आहे. छोट्या, म्हणजे एपीएस-सी सेन्सरवर फुजीफिल्मने एक्स-एच२एस मध्ये २०२२ सालीच तो बसवला : २६ मेगापिक्सेल, ४० फ्रेम्स. तेव्हा तांत्रिक अडचण नाही, अडचण पैशाची. फुजीचा तो कॅमेरा २,४९९ डॉलरला आला, आर-७ त्याच वर्षी १,४९९ ला. भाच्याच्या यादीत स्टॅक्ड सेन्सर आणि जुनी किंमत शेजारी-शेजारी दिसले, तर तेवढ्यापुरती यादी मिटवून चहा मागवा.

माझा अंदाज विचाराल तर : वाचनाचा वेग नक्की वाढेल, स्टॅक्ड असो वा नसो. बॅटरी आर-५ मार्क टू ची एलपी-ई६पी असेल. कार्डाचा एक खण सीएफएक्स्प्रेस या वेगवान, महाग कार्डाचा झाला तर नवल नाही, आणि मग कार्डाचाही खर्च धरा. बटण पूर्ण दाबण्याआधीचे क्षण साठवून ठेवायची सोय आर-७ मध्ये आहे, पण रॉ बर्स्ट नावाच्या वेगळ्या मोडमध्ये आणि जेमतेम अर्ध्या सेकंदाची. ती सुटसुटीत व्हायलाच हवी. खंड्याचा सूर यानेच हाती लागतो.

मेगापिक्सेलचं मात्र मनावर घेऊ नका. ३२.५ चे ४० झाले तरी फोटोच्या एका बाजूला पिक्सेल वाढतात सुमारे ११ टक्के. सकाळी दहानंतर भिगवणच्या पाण्यावरची हवा थरथरायला लागते, तिच्यात हे ११ टक्के कुठल्या कुठे विरून जातात.

आता तुमच्यापुरतं. उडते आणि सूर मारणारे पक्षी हाच ध्यास असेल, तर थांबा. सकाळच्या उन्हात होडीतून रोहित, चित्रबलाक, पट्टकादंब टिपायचे असतील, तर आर-७ पुरून उरतो. तुमची खरी कमतरता लेन्सची आहे. आर कॅमेऱ्यांसाठीच्या कॅननच्या आरएफ १००-४०० लेन्सचं वजन ६३५ ग्रॅम, मानेला त्रास नाही. या छोट्या सेन्सरवर ती मोठ्या (फुल-फ्रेम) सेन्सरवरच्या ६४० एमएम लेन्सएवढं जवळचं दाखवते. ४०० ला तिचं तोंड जास्तीत जास्त एफ/८ एवढंच उघडतं, म्हणजे उजेड कमी, हे खरं. पण अजून न आलेल्या कॅमेऱ्यापायी हातातला हिवाळा घालवू नये असं मला वाटतं. मी स्वतः अजून २०१४ चा ७डी मार्क टू वापरतो, तेव्हा या सल्ल्यात थोडा कंजूषपणा मिसळलेला आहे, हेही ध्यानात घ्या.

प्रश्न : माझ्याकडे जुनी ईएफ ३००एमएम एफ/४ आहे. नांदूर मध्यमेश्वरला तीच नेतो. नव्या कॅमेऱ्यावर चालेल का? (वाचक, निफाड)

उत्तर : चालेल. जुनी ईएफ लेन्स नव्या आर कॅमेऱ्याला जोडणारी कडी, म्हणजे कॅननचा ईएफ-ईओएस आर अडॅप्टर घ्या. त्यात काच नाही, त्यामुळे चित्राचा दर्जा घटत नाही, आणि ऑटोफोकसही चालतो. फक्त नव्या बॉडीचा सर्वांत जास्त वेग जुनी लेन्स गाठेलच असं नाही. पण ही लेन्स विकू नका.

प्रश्न : मी कोल्हापूरला हौशी नाटकांचे फोटो काढते. शटरचा आवाज नको असतो. मेकॅनिकल शटर काढून टाकलं तर माझा फायदाच ना?

उत्तर : सेन्सर वेगवान असेल तरच. निकॉनने झेड-९ आणि झेड-८ मधून ते काढलं, कारण त्यांचा सेन्सर तेवढा झपाट्याने वाचतो. संथ सेन्सरवर हेच केलं, तर रंगमंचावरच्या एलईडी दिव्यांचे आडवे पट्टे नटाच्या चेहऱ्यावर येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून मेन्सवरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, सेन्सरला कळतं.

कॅमेरा बाजारात आला की दुकानात जा, इलेक्ट्रॉनिक शटर लावा, शटरचा वेग १/५०० सेकंदावर ठेवून दुकानातल्या दिव्यांखाली पांढऱ्या भिंतीचे सात-आठ फोटो काढा. मग कॅमेरा झर्रकन आडवा फिरवत दरवाजाच्या चौकटीचा एक घ्या. भिंतीवर पट्टे आले किंवा चौकट झुकली, तर दुकानदार कितीही सूट देवो, तुमच्या कामाला तो कॅमेरा नको.