खाऱ्या पाण्याची जुनी टाकी घ्यावी का?

प्रश्न : काकू, नमस्कार. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ नोकरीसाठी परदेशी चाललेत. त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी विकायची आहे. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. खाली सम्प (पाणी गाळायची दुसरी टाकी), स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र), वर मेटल हॅलाइडचे दिवे. शिवाय वाळू, दगड आणि आतले मासे, सगळं एकगठ्ठा. दोन समुद्रघोडे भेट म्हणून देतो म्हणाले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारत तीस वर्षांची आहे. आठवीतल्या मुलीला मासे फार आवडतात, घरात गोड्या पाण्याची दोन फुटी टाकी नीट चालू आहे. रविवारी टेम्पो करून सगळं आणलं, तर त्याच संध्याकाळी मासे सोडता येतील ना?
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : टाकी घ्या. पण एकगठ्ठा घेऊ नका, आणि त्याच संध्याकाळी मासे तर मुळीच सोडू नका.

पैशांचं बोलण्याआधी ती ठेवणार कुठे ते ठरवा. पाच बाय दोन बाय दोन म्हणजे वीस घनफूट, काठोकाठ भरली तर सुमारे 566 लिटर. बारा एमएम काच असेल तर नुसती रिकामी टाकीच शंभर किलोच्या वर जाते. त्यात दगड, वाळू, सम्पमधलं पाणी आणि स्टँड धरा, आकडा नऊशे किलोच्या घरात पोचतो. हे सगळं जेमतेम एका चौरस मीटरवर उभं राहणार. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी आपल्याकडे चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात. तो हिशेब पूर्ण खोलीवर पसरलेला असतो, त्यामुळे टाकी ठेवली की स्लॅब खचलाच असं नाही. पण तीस वर्षांच्या इमारतीत खालच्या घराच्या छताला ओल आहे का, गिलावा सुटून सळ्या दिसतायत का, हे आधी बघायला हवं. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, बीम कुठून जातो ते दाखवायला सांगा, आणि टाकी कॉलमजवळ भिंतीला लावून ठेवा. बंद केलेल्या गॅलरीत ठेवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. इंजिनिअर नाही म्हणाला तर तीन फुटी टाकी शोधा, तीही सुंदर दिसते.

आता टाकी बघायला जाल तेव्हा दिवसा जा आणि बॅटरी घेऊन जा. टाकीच्या सिलिकॉनचे दोन भाग असतात. एक आतल्या कोपऱ्यात दिसणारी पट्टी आणि दुसरा दोन काचांच्या मधोमध दाबला गेलेला पातळ थर. टाकी तोलून धरतो तो हा दुसरा. बॅटरीचा झोत काचेच्या कडेवर तिरपा पाडा. थर एकसारखा काळा किंवा पारदर्शक दिसला तर ठीक. एखादा बारीक बुडबुडा चालतो. पण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचलेली बुडबुड्यांची रांग किंवा दुधाळ पट्टा दिसला, तर पाणी आत शिरतंय असं समजा. मग कोपऱ्यातल्या पट्टीवर नख फिरवा. ती सालीसारखी सुटली तर ती काढून नवी भरता येते, पण जुनीवर नवी थापून भागत नाही. वाळलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन धरत नाही. कुणी ‘वरून एक हात मारून देतो’ म्हणालं, तर नको म्हणा.

त्या गृहस्थांना एक प्रश्न नक्की विचारा, आणि असा विचारा: ‘माशांवर पांढरे ठिपके आले होते तेव्हा काय घातलंत?’ ‘तांब्याचं औषध वापरलंत का’ असं विचारलंत तर पटकन ‘नाही’ ऐकू येईल. ठिपके बहुतेक टाक्यांत कधी ना कधी येतात आणि त्यावर तांब्याचं औषध हमखास घातलं जातं. ते मासे सोसतात. कोळंब्या, शंख, प्रवाळ यांना मात्र ते विष आहे. दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात आणि पुढे हळूहळू सोडत राहतात. तसं झालं असेल तर दगड-वाळू तिथेच सोडा. काच मात्र धुऊन घेता येते. भरल्यावर तांब्याच्या टेस्ट किटने पाणी तपासा आणि मगच पहिली कोळंबी आणा.

औषध घातलं नसेल तर दगड जरूर घ्या, या सगळ्या सौद्यात तेच खरं मोलाचं. माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते दगडाच्या भोकाभोकांत असतात. बादल्यांत त्याच टाकीचं पाणी घालून दगड बुडवून आणा, वाटेत सुकू देऊ नका. आणि हे मी ठळक अक्षरांत छापायला सांगितलं आहे: जुने दगड स्वच्छ करायला कधीही उकळू नका. बटणांसारखे दिसणारे काही मऊ प्रवाळ दगडाला चिकटलेले असतात. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं, आणि ते वाफेबरोबर घरभर पसरून माणसं इस्पितळात दाखल झाल्याची उदाहरणं आहेत. दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, मुलीलाही द्या. वाळू मात्र नवी घ्या. जुनी वाळू ढवळली की तळात साठलेली घाण वर येते, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि ती पोतंभर धुण्यात शहाणपण नाही.

समुद्रघोडे नम्रपणे नाकारा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 2001 पासून समुद्रघोडे आणि कठीण प्रवाळ यांना संरक्षण आहे. भेट मिळाली म्हणून ते बाळगणं कायदेशीर होत नाही. दगडावर कठीण प्रवाळ वाढलेलं दिसलं तर कागदपत्रं मागा. नसतील तर तो दगड नको.

मेटल हॅलाइडचे दिवे घेऊ नका, ते पाणी तापवतात आणि वीज खातात; एलईडी घ्या. चिलर मात्र चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पाणी 24 ते 27 अंशांत राहायला हवं, आणि डोंबिवलीच्या मे महिन्यात नुसत्या पंख्याने ते जमणं कठीण. स्किमर व्हिनेगरच्या पाण्यात भिजवला की साफ होतो.

घरी मांडल्यावर आधी साधं पाणी टप्प्याटप्प्याने भरा आणि दोन-तीन दिवस जोडांखाली कागद ठेवून थेंब येतो का बघा. मग पंप चालू असताना मेन स्विच बंद करा. लाइट जाते तेव्हा रिटर्न पाइपमधून (सम्पचं पाणी वर नेणाऱ्या नळीतून) वरचं पाणी उलटं सम्पमध्ये येतं. सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल, तर ते तुमच्या फरशीवरून खालच्यांच्या छतात जाणार. सम्प भरत येतोय असं दिसलं तर पातळी कमी करून पुन्हा बघा, आणि सम्पला खडूने खूण करून ठेवा. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोक्यासारखी लोंबती ठेवा, म्हणजे पाण्याचा ओघळ सॉकेटपर्यंत जात नाही.

पाणी आरओचं, पण घरच्या प्युरिफायरला टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो. ते बंद करून घ्या. मीठ मत्स्यालयाचंच हवं. मिठागरात मॅग्नेशियम आणि बाकीचे क्षार मागे राहणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातात, म्हणून जाडं मीठ इथे चालत नाही. पहिल्या भरणीला वीस किलोच्या आसपास लागेल. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, 35 (लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ) दिसायला हवं. रोज उडून जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची तूट साध्या आरओ पाण्याने भरा.

राहिले मासे. ते ज्यांची खाऱ्या पाण्याची टाकी चालू आहे अशा कुणाला तरी द्यायला सांगा. तुमच्या टाकीत दगड ठेवून, चिमूटभर खाणं टाकून थांबायचं, जिवाणू वाढू द्यायचे. अमोनिया चढेल, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येतील. चांगले ओले दगड मिळाले तर लवकर, नाहीतर चार ते सहा आठवडे. मुलीला एक वही द्या, टेस्ट किटचे रोजचे आकडे तिने लिहायचे. आठवीच्या मुलीला हे उत्तम जमतं, आणि ते बघताना मला फार आनंद होतो. दोन्ही शून्य होऊन नायट्रेट (जिवाणूंच्या कामातून शेवटी उरणारा, कमी घातक क्षार) दिसू लागलं की दोन छोटे क्लाउनफिश आणा, तेही पैदास केलेलेच. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात त्यांची हॅचरी उभी राहिली आहे. केरळात विळिंजमच्या सरकारी संशोधन केंद्रानेही ही पैदास साधली आहे. असे मासे समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा टाकीत लवकर रुळतात आणि कुणाचा खडक ओसाड होत नाही.

प्रश्न : आमचं अलिबागला घर आहे. दर आठवड्याला रो-रो बोटीने येणं-जाणं असतं. समुद्राचंच पाणी कॅनमध्ये भरून आणलं तर?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : किनाऱ्यावरचं नको. त्यात गाळ असतो, बंदराचं तेल असतं, आणि पावसाळ्यात नद्या-खाड्यांमुळे खारटपणा फार खाली येतो. ओळखीच्या कोळीदादांनी हिवाळ्यात भरतीच्या वेळी दूर आतून आणून दिलं तर गाळून, काही दिवस अंधारात ठेवून, खारटपणा मोजून वापरता येतं. पण पावसाळ्यात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्या आत जात नाहीत. तेव्हा मिठाची एक बादली घरात लागणारच. ती मे महिन्यातच आणून ठेवा.