फोनवर सगळी चित्रं दिसतात, मग प्रत्यक्ष जाऊन बघायची गरज काय?

तुम्ही लिहिलंय की घरच्या घरी चित्रकला शिकताय, रोज फोनवर ढीगभर चित्रं बघता, तरी हात पुढे जात नाही. मग खर्च करून चित्रं बघायला जावं का? जावं. आणि सुरुवात भिंतीवरच्या चित्रांनी करावी. मी बडोद्याची, म्हणून इथलंच सांगते.

फोनवर चित्राचं माप हरवतं. सगळी चित्रं तळहाताएवढी होतात. रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती आपण कॅलेंडरवर बघत मोठे झालो. रविवर्मा १८८१ मध्ये बडोद्याला आले आणि पुढे लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्यांनी पुराणकथांवर १४ तैलचित्रं केली. राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंगराव संग्रहालयात त्यांची मूळ चित्रं बघा. जरीच्या काठापाशी ब्रश कुठे जाड रंग ठेवून थांबलाय आणि कुठे नुसता फिरून गेलाय, हे छापील प्रतीत कधीच कळलं नव्हतं.

पण माझा खरा जीव आहे तो रावपुऱ्याजवळच्या तांबेकर वाड्यावर. १९ व्या शतकाच्या मध्यात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. बाहेरून साधा, लाकडी, शेजारच्या घरांच्या गर्दीत सहज नजरेतून सुटेल असा. आत भिंतीभर रामायण, महाभारत, कृष्णलीला, आणि त्यांच्याच शेजारी गोऱ्या मडमा. देवादिकांच्या पंगतीला साहेबाची बायको बसवताना त्या चित्रकाराला जराही अडचण वाटलेली नाही! डोळ्यांसमोर जे होतं ते त्याने घेतलं. हे धाडस शिकण्यासारखं आहे. शिवाय ही चित्रं राहत्या घरातली. भिंत, दार, खांब यांनी जेवढी जागा सोडली तेवढ्यात कथा बसवलेली आहे. चौकट आधी आणि चित्र नंतर, ही शिस्त कोऱ्या कागदापुढे बसून उमगत नाही.

कीर्तिमंदिर याच्या अगदी उलट. गायकवाड घराण्याचं हे स्मारक सयाजीरावांनी १९३६ मध्ये उभारलं. तिथल्या भिंती शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी रंगवल्या. १९३९ ला सुरुवात झाली आणि काम संपायला १९४६ उजाडलं. गंगावतरण, मीरेचं आयुष्य, नटीर पूजा (हे रवींद्रनाथ टागोरांचं नाटक) आणि महाभारताचं युद्ध, असे चार विषय. मधोमध उभं राहून सावकाश गोल फिरा. युद्धाकडून मीरेकडे वळताना रेषेची चाल बदललेली अंगाला जाणवते. कडेला पोचल्यावर वास्तू चित्राला अडवते, आणि नंदलालबाबूंनी तो अडथळा रचनेतच कसा सामावून घेतलाय ते बघत मी कितीतरी वेळ उभी राहते. वास्तुकला आणि चित्रकला वेगळ्या शिकवतात त्याचं मला इथे फार वाईट वाटतं.

१९५० मध्ये विद्यापीठात फाइन आर्ट्स सुरू झालं, इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला शिकवायला आले, हे सगळं तुम्ही वाचलं असेलच. कॅम्पसवर जरूर चक्कर मारा, पण आधी भिंती.

निघण्यापूर्वी वाडा आणि कीर्तिमंदिर उघडं आहे ना, याची चौकशी करा. कीर्तिमंदिर बऱ्याचदा बंद असतं. वही आणि पेन्सिल न्या, फोन पिशवीत राहू द्या. अख्खं चित्र उतरवायला जाऊ नका. एक हात, एक घोड्याची मान, एवढंच घ्या, आणि शेजारी स्वतःच्या वितीने मोजलेलं अंदाजे माप लिहा. घरी आल्यावर तो हात त्याच मापात काढा, मोठा कागद लागला तर चार कागद जोडून. पेन्सिल मनगटातून नाही तर खांद्यातून फिरवावी लागेल. माझ्या मते तुमचा हात अडलाय तो नेमका इथेच.