सोफ्यावर बसलं की श्वास अपुरा पडतो

प्रश्न : मॅडम, मी नाशिकला अंबडमध्ये एका कंपनीत अकाउंट्सला आहे. मार्च एंडिंगमुळे सिडकोतल्या घरी आल्यावरही रात्री जेवण झालं की सोफ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो. तासाभरात श्वास पुरत नाही असं वाटतं, सारखे उसासे येतात. पण रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढलो तर काहीच नाही! छातीचं काही असेल का?

उत्तर : पांडवलेणीचं सांगितलंत ते बरं केलंत दादा, निम्मं उत्तर तिथेच आहे. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा त्रास असला की दम बहुतेक वेळा चढावर आधी लागतो, बसल्यावर नाही. तरी एकदा तपासून घ्या, पण मला संशय तुमच्या सोफ्याचा येतोय.

निवांत असताना श्वासाचं बरंचसं काम छाती आणि पोटाच्या मधला पडदा करतो, डायफ्रॅम म्हणतात तो, श्वास घेताना हा खाली सरकतो आणि पोट जरा पुढे येतं. आता मऊ सोफ्यात कंबर रुतलेली, गुडघे वर, पोटाची घडी, पट्टा आवळलेला आणि त्यात नुकतंच जेवलेलं, मग त्या पडद्याने खाली जायचं कुठे? बरगड्याही नीट फुलत नाहीत, मग मानेचे स्नायू ओढाताण करतात (तुमची मान पण भरून येत असणार, पैज लावते). श्वास उथळ झाला की मध्येच एक मोठा उसासा येतो, त्याने फुफ्फुसातले मिटत आलेले वायुकोश (हवेच्या बारीक पिशव्या) परत उघडतात, म्हणजे तो कामाचाच आहे.

पोटावर हात ठेवून आधी वाकून आणि मग टेकून बसून श्वास घेऊन बघा, फरक हाताला कळेल.

सगळे 'ताठ बसा' सांगतात ते मला अर्धवट वाटतं, कारण पोट आत ओढून ताठ बसलात तरी पडद्याची अडचण तीच. टेबल-खुर्ची घ्या, पाठ जराशी मागे टेकवा, पाय जमिनीला, स्क्रीन वर, पट्टा एक भोक सैल. आणि अर्ध्या तासाने उठाच, पाणी आणायला का होईना, कारण खुर्ची कितीही भारी असली तरी तासन्‌तास बसणं वाईटच.

एक मात्र सिरीयसली घ्या. खूप वेळ बसून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुफ्फुसात जाऊ शकते. एकाच पोटरीला सूज, दुखणं आणि अचानक दम लागला, छातीत दुखलं तर वाट बघू नका, 108 ला फोन करा. रात्री आडवं झाल्यावर दम लागायला लागला किंवा पायऱ्यांवरही लागला, तर फिजिशियनला लवकर दाखवा, तिथे खुर्ची बदलून भागत नाही.