हाताखालची माणसं चुका लपवतात, मीटिंगमध्ये नुसत्या माना डोलावतात. काय करावं?

त्यांच्या स्वभावाचं नंतर बघू. गेल्या वेळी कुणी वाईट बातमी घेऊन आलं, तेव्हा तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं ते आधी आठवा. पुढची बातमी तुमच्यापर्यंत पोचणार की नाही, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

मी गोव्यात वेर्ण्याला औषधाच्या कारखान्यात प्रॉडक्शनला आहे. पावडर दाबून गोळ्या बनवणाऱ्या कॉम्प्रेशन मशीनवर कधीकधी गोळ्यांच्या कडा उडायला लागतात. आमच्या एका सुपरवायझरला हे सांगितलं की पहिला प्रश्न यायचा, "मशीनवर कोण होतं?" त्याच्या पाळीत पोरं तुटक्या गोळ्या गुपचूप निवडून बाजूला काढायची आणि मशीन तसंच चालू ठेवायची. दुसरा विचारायचा, "कधीपासून दिसतंय रे? मशीन थांबवलंस? बरं केलंस." पोरं तीच, मशीन तेच, पण त्याला लगेच फोन जायचा. साहजिकच त्याच्या पाळीत डेव्हिएशन, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं काही घडल्याच्या नोंदी, जास्त व्हायची, आणि वरचे साहेब झापायचे ते त्यालाच! याचा मला अजून राग येतो.

कारण हा आकडा फसवा असतो. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील असं त्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. जिथे नर्सची प्रमुख चांगली, तिथेच नोंदलेल्या चुका जास्त! तिथल्या नर्स चुकांबद्दल मोकळेपणी बोलतात, म्हणून त्या नोंदल्या जातात, असा अर्थ त्यांनी लावला.

आपल्या गोव्यात भाषेचाही अडसर असतो. मीटिंग इंग्रजीत, पेडणे-डिचोलीची पोरं कोकणी-मराठीत बोलणारी, बाहेरून आलेले हिंदीत. "एनी डाउट्स?" म्हटल्यावर हात कोण वर करणार? पाळी बदलताना मशीनपाशी उभं राहून, समोरच्याला जमेल त्या भाषेत बोला. "समजलं ना?" असं विचारलं की "हो" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा "आता सुरुवात कुठून करशील, सांग बघू" असं विचारा.

आणि ज्याने चूक सांगितली, त्याला पुढे काय झालं तेही कळवा, नाहीतर तो पुन्हा येणार नाही. सुरुवातीला तुमच्याकडच्या नोंदी वाढतील, तेव्हा वरच्यांना त्याची कल्पना आधीच देऊन ठेवा.