पिसांचे शटल परवडावे कसे?

प्रश्न : आम्ही तालुक्याच्या गावी शाळकरी मुलांना बॅडमिंटन शिकवतो. रॅकेट काही वर्षे टिकते; पण पिसांची शटल्स दोन-चार डावांत फाटतात आणि वर्गणीचा मोठा हिस्सा त्यांतच जातो. पिसांसारखे उडणारे स्वस्त शटल अजून का बनत नाही?
– एक प्रशिक्षक, बीड जिल्हा

उत्तर : खरी अडचण पिसाची नक्कल करण्यात आहे. शटलच्या बुचात बदकाची किंवा हंसाची 16 पिसे बसवतात आणि ती सगळी एकाच बाजूच्या पंखाची लागतात, कारण वळण सारखे असले तरच शटल उडताना स्वतःभोवती नीट फिरते. अशी निवडक पिसे एका पक्ष्याकडून थोडीच मिळत असल्याने कच्चा मालच महाग पडतो. स्वस्त नायलॉन शटलचा पिसांच्या जागी असलेला सलग घेर मात्र जोरदार स्मॅश बसताच दबतो, हवेचा अवरोध घटतो आणि शटल अपेक्षेपेक्षा पुढे जाते. त्यावरच सराव केलेल्या मुलाचा अंदाज स्पर्धेत पिसांचे शटल समोर आले की चुकतो.

नियमांची आडकाठी नाही. शटलचे वजन 4.74 ते 5.50 ग्रॅम असावे लागते आणि कृत्रिम शटलला माप-वजनात 10 टक्क्यांपर्यंत सवलत आहे. उड्डाण तेवढे पिसांच्या शटलसारखे हवे. जागतिक बॅडमिंटन महासंघाने 2021पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत कृत्रिम पिसांच्या शटलला वाव दिला. त्यांत सलग घेराऐवजी सुटी कृत्रिम पिसे असतात, आणि आमच्या मते स्वस्ताईची वाट तिथूनच जाते. मात्र अशी शटल्स घेताना नगाच्या किमतीला भुलू नये. एका शटलवर किती डाव होतात, हाच हिशेब खरा.

तोवर नवशिक्यांना नायलॉन द्यावे, फाटकी पिसांची शटल्स पदलालित्याच्या सरावाला ठेवावीत आणि चांगली फक्त सामन्यांत काढावीत. नायलॉनच्या बुचावरील पट्टी हिरवी असल्यास वेग मंद, निळी असल्यास मध्यम, लाल असल्यास जलद. उन्हाळ्यात तापलेली हवा विरळ होऊन शटल लांब जात असल्याने तुमच्याकडे तेव्हा हिरवी पट्टीच बरी. कोरडी पडलेली पिसे चटकन मोडतात, म्हणून खेळाच्या आदल्या रात्री शटलची नळी दोन्ही टोके उघडून काही क्षण वाफेवर धरावी व झाकून ठेवावी. बूच मात्र ओले होऊ देऊ नये.