हिरड्यांतून रक्त येतं म्हणून डेंटिस्टने शुगर तपासायला सांगितली, दाताचा आणि शुगरचा काय संबंध?

संबंध आहे हो, उगाच टेस्ट करायला लावलेली नाही तुम्हाला. माझं नेमकं उलटं झालं होतं. शुगर आधीपासूनच, गोळ्या वेळेवर, पथ्यपाणी बऱ्यापैकी, तरी एचबीए1सी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) काही 8 च्या खाली यायला तयार नाही. एकदा डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं, मला वाटलं घसा बघतायत, तर म्हणाले हिरड्या किती सुजल्यात बघा, आधी डेंटिस्टकडे जाऊन या.

तिथे एक बारीक सळई असते, मिलिमीटरच्या खुणा केलेली, ती दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत हलकेच घालून खोली मोजतात, एकेका दाताला सहा ठिकाणी. डॉक्टर आकडे बोलतायत आणि असिस्टंट लिहून घेतेय, तीन, दोन, तीन, पाच, सहा... मला आ वासून नुसतं ऐकायचं काम. नंतर कळलं की 3 पर्यंत ठीक, 4 आणि पुढे म्हणजे पॉकेट झालं, आत किटण आणि जंतू साचलेले आणि ब्रश तिथे पोचतच नाही. आणि दुखत काहीच नव्हतं! तीच तर गोम आहे, दाढ ठणकली की माणूस पळत जातो, हिरडी वर्षानुवर्षं गपचूप खराब होत राहते.

आता शुगरचं. पॉकेटच्या आतलं अस्तर सोललेलं असतं, म्हणजे ती उघडी जखमच, आणि अशी बऱ्याच दातांभोवती असली तर सगळी मिळून कित्येक चौरस सेंटिमीटर भरते. तिथे शरीराची जंतूंशी रोज मारामारी चालू, त्यातून सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात जातात आणि इन्सुलिनचं काम नीट होऊ देत नाहीत. उलट शुगर वाढलेली असली की हिरडी भरून यायला वेळ लागतो, तोंड कोरडं पडतं, जंतूंचं फावतं. म्हणजे दोघं एकमेकांना बिघडवतात. हिरड्यांचे उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए1सी साधारण 0.4 ने उतरतं असं चाचण्यांतून दिसलंय. माझं 8.2 वरून 7.6 झालं, पण मी त्याच सुमारास रोज चालायलाही लागलो होतो त्यामुळे सगळं श्रेय स्केलिंगला, म्हणजे डेंटिस्टने किटण खरवडून काढलं त्याला, देणार नाही.

हार्टबद्दलही कुणीतरी घाबरवेलच तुम्हाला म्हणून सांगतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोंडातले जंतू रक्तातून जाऊन हृदयाच्या झडपेवर बसू शकतात हे पक्कं आहे, म्हणून कृत्रिम झडप बसवलेल्यांना किंवा आधी असं इन्फेक्शन होऊन गेलेल्यांना दात काढायच्या आधी अँटिबायोटिकचा डोस देतात. पण खराब हिरड्यांमुळे हार्ट अटॅक येतो हे अजून सिद्ध नाही, अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्ये सगळे अभ्यास चाळून हेच सांगितलं की दोन्ही एकत्र आढळतात, पण एकामुळे दुसरं होतं असं म्हणता येत नाही. सिगारेट तर दोन्हीकडे नुकसान करते, वर हिरड्यांतून रक्त येणंही कमी करते, त्यामुळे ओढणाऱ्याला वाटतं आपलं तोंड एकदम फर्स्टक्लास.

एक जमाना असा होता की सगळ्याच रोगांचं खापर दातांवर फोडायचे. 1910 मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियलला यावर भाषण दिलं आणि पुढची कित्येक वर्षं सांधेदुखीपासून वेडेपणापर्यंत कशासाठीही चांगले दात उपटले गेले. तेव्हा गुडघ्यासाठी दाढ काढा म्हणणारा कुणी भेटला तर सरळ घरी या.

ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते म्हणजे न्यूमोनिया. घरात अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस असेल तर त्यांच्या तोंडातली घाण लाळेबरोबर फुप्फुसात उतरते, जपानमधल्या वृद्धाश्रमांत जेवणानंतर नियमाने दात घासून द्यायला लागल्यावर न्यूमोनिया कमी झाला होता, हा अभ्यास 1999 चा आहे. कवळी असेल तर रात्री काढून ठेवायची, घालून झोपू द्यायचं नाही.

तुमच्यापुरतं म्हणाल तर एचबीए1सी करून घ्या, आणि रक्त येतं म्हणून ती जागा घासायची सोडू नका, मी तेच केलं होतं आणि तिथेच सर्वात खोल पॉकेट निघालं. ब्रश मऊ घ्या, दातांच्या मधे फ्लॉस किंवा छोटा ब्रश. स्केलिंगने दात हलायला लागतात असं सगळे सांगतील, तर फटींत भरलेलं किटण निघाल्यावर दात मोकळे वाटतात एवढंच, मलाही आठवडाभर जीभ सारखी तिथेच जायची. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही जास्त रक्त येऊ शकतं, डेंटिस्टला आधीच सांगा, मनाने बंद मात्र करू नका.