शुमानची 'आठवण': रडवू नका, गाऊ द्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेक नऊ वर्षांची, जर्मन संगीतकार शुमानने मुलांसाठी लिहिलेल्या पियानो-संग्रहातली 'आठवण' बसवतेय. मथळ्याजवळच्या '४ नोव्हेंबर १८४७' ह्या तारखेला शुमानचे संगीतकार मित्र फेलिक्स मेंडेल्सोन वारले हे कळल्यापासून ती ते इतकं संथ नि रडवेलं वाजवते की ऐकवत नाही. त्यात कीबोर्डला स्वर लांबवणारं पेडल नाही.

आधी वेगाचं. शुमानने वर जे लिहिलंय त्याचा अर्थ 'जलद नको, आणि खूप गाऊन वाजवा'. जलद नको म्हणजे रांगत जा असं नव्हे. शिवाय रचना ए मेजरमध्ये आहे; मेजर म्हणजे उजळ वाटणारी स्वरपट्टी, मायनर म्हणजे उदास वाटणारी. दुःखच सांगायचं असतं तर मायनर त्याला कुठे परकं होतं? ह्याच संग्रहातल्या ४३ तुकड्यांत एक ई मायनरमधला आहे, त्याचं नावच 'पहिला वियोग'. 'आठवण' तशी नाही.

आपल्याकडचं बघा. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मौन श्रद्धांजली होते, पण खंजिरीवर भजनं कुणाची म्हणतात? महाराजांचीच, नि त्यांच्याच ढंगात. शुमानने तेच केलंय. मेंडेल्सोनची 'शब्दांविना गाणी' म्हणजे वर गाता सूर, खाली वाहती साथ. इथेही घडण तीच. दोस्त गेला, तर त्याच्याच बोलीत त्याला आठवायचं. १८४१ साली शुमानची पहिली सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लाइपझिगला प्रथम वाजली ती मेंडेल्सोनच्याच संचालनाखाली. पुढे शुमानने धाकट्या मुलाचं नावही फेलिक्स ठेवलं.

मीही हीच चूक केलीय. एका विद्यार्थिनीकडून महिनाभर हे कण्हत कण्हत बसवून घेत होतो. आई अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. म्हणाली, "काहून रडवतं रे त्या पोरीले? गानं हाय ना ते?" दुसऱ्या दिवशी कीबोर्ड बाजूला ठेवला, पेटी काढली. फक्त वरची चाल वाजवायची, भाता हळू सोडायचा आणि ओळ संपेपर्यंत हवा पुरवायची. हवा कुठे संपते ते पोरीच्या हातालाच कळलं. ओळ तिथेच श्वास घेते, मधे नाही. तुमच्या घरी नसेल तर भजनी मंडळाची पेटी तासभर मागून आणा, कोणी नाही म्हणणार नाही.

पेडल नसल्याचं फार मनावर घेऊ नका. चालीतला स्वर पुढचा दाबेपर्यंत सोडायचा नाही, एवढं बोटांना शिकवा. साथ वेगळी, एकटीच, घर झोपलेलं असताना पाऊल टाकावं इतक्या हलक्या हाताने आठवडाभर वाजवू द्या. मग दोन्ही जोडा. शेवटी वेग थोडा सैल सोडला तर चालेल, पण थोडाच.

आणि हो, कीबोर्डचं टच सेन्सिटिव्हिटी बंद नाही ना, ते आधी बघा. बंद असेल तर हळू दाबा की जोरात, आवाज एकच, नि माझी ही सगळी बडबड फुकट.